दहाव्याच्या चहावर ऐनाचा सौदा

१४ मे १९६३, शेणवा. आज बाबांचा दहावा झाला. ऊन अंग भाजत होतं.

मंडळी, सांगतानाही किळस येते. कोळशाच्या भट्ट्या लावणारा ठेकेदार भेटायला आला आणि चहा पिता पिता बांधावरचं ऐनाचं झाड मागू लागला. भाताच्या राबात, रोपांची जमीन भाजायला जाळण्यासाठीसुद्धा बाबांनी त्याची फांदी कधी तोडली नव्हती.

मी म्हणालो, "भट्टीच्या धुरातला वायू हवेत साठत गेला, तर घोंगडीसारखा उष्णता कोंडून धरेल. सारी पृथ्वी तापेल. पुस्तकात वाचलंय."

तो हसला. "धूर वर जातो रे, आभाळाला काय घाम फुटतो? म्हातारा गेला, आता नाय म्हणायला कोण उरलंय?"

"मी आहे."

तुमच्या दारात असा माणूस आला तर काय कराल?

तो गेल्यावर मी त्याचा कप राखेने घासला आणि पालथा घातला.