दुसरा लांडगा

बिभीषण आठवडाभर चितेगावच्या कारखान्यात मशीन चालवायचा, पण रविवारी दुपारी छावणीतल्या घरी लॅपटॉप उघडला की अख्खं राज्य त्याच्या हातात यायचं. खेळ असा, की बिभीषण गोष्ट रचून सांगणार, व्हिडिओ कॉलवर दुबईतला गोकुळ आणि जर्मनीतली श्रेया आपापला वीर काय करतो ते बोलणार, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. तिघं एका कॉलेजातले. दोघं लांब गेले, तरी रविवार काही सुटला नव्हता.

त्या दिवशी गोष्टीतल्या मेंढरांवर लांडगा आला. गोकुळच्या वीरानं तलवार उपसली, श्रेयाच्या वीरानं धनुष्य उचललं आणि दोघं लांडग्यामागं सुसाट पळाले. फासा चांगला पडला. लांडगा मेला.

मागं बिभीषणची आई, मंजुळाबाई, मेथी निवडत होती. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

"लांडगा कधी एकटा येतो व्हय?" ती म्हणाली. "एक आपल्याला मागं पळवतो अन् दुसरा कोकरू उचलतो. मेंढरांपाशी कोण थांबलं?"

बिभीषणला ते भलतंच आवडलं. त्यानं लगेच दुसरा लांडगा आणला आणि कोकरू नेलं.

"मावशी, आम्ही दोघंच," गोकुळ कुरकुरला. "मग मागं थांबायचं कोणी?"

"तुमी तर दरवेळी पळताच," मंजुळाबाई मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली. "मागं आमचा हाच थांबतो."

कोणाचीच पाळी नसताना बिभीषणनं फासा टाकला.