थियाच्या पेटीची दुसरी चावी

थियानं कुत्रा आणून सोडला, त्या दिवसापासून मार्गो त्याच्या सामानाकडे पुन्हा पुन्हा बघत होती. "थोडे दिवस ठेव गं आई, माझ्याच्यानं होत नाही त्याचं," एवढंच म्हणाली होती पोरगी. पण कुत्र्याबरोबर त्याच्या लशींची फाईल होती, त्याचा लोकरीचा स्वेटरही होता. बाहेर मे महिन्याचं ऊन पडलेलं. थोड्या दिवसांसाठी कुणी स्वेटर देतं का?

थिया एकोणतीस वर्षांची. अमेरिकेतल्या विचिटा शहरात शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायची. जग तिला मुलगा समजत होतं त्या वयातही ती टोस्टर खोलून जमिनीवर पसारा मांडायची. एकोणिसाव्या वर्षी तिनं जगणं संपवायचा प्रयत्न केला. मार्गो अकरा दिवस इस्पितळातल्या खुर्चीवर बसून होती. त्यानंतर दोन वर्षांनी पोरीनं थिया हे नाव घेतलं आणि तेव्हापासून तिच्या हसण्याचा आवाज घरात ऐकू यायला लागला. डेपोतल्या ड्रायव्हर बायका तिला 'डॉक्टर' म्हणायच्या. "डॉक्टर, माझी सतरा नंबर परत खोकतेय," म्हणत हाताला धरून गाडीकडे न्यायच्या.

मग गेल्या वर्षी तिच्या ट्रकच्या काचेवर कुणीतरी चिठ्ठी लावून गेलं. वर घराचा पत्ता आणि खाली एकच ओळ: तू काय आहेस ते आम्हाला माहीत आहे. पोलिसांनी चिठ्ठी ठेवून घेतली, आणि पुढे काहीच झालं नाही. पंधरा दिवसांनी थियानं पिस्तूल विकत घेतलं आणि हेझेलच्या क्लबात जायला लागली.

हेझेल त्रेसष्ट वर्षांची. तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेली, बायकोला कॅन्सरनं नेल्यावर एकटीच राहणारी. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दर शनिवारी ती आपल्या माणसांना नेमबाजी शिकवायची. ट्रान्स पोरी, समलिंगी जोडपी, कुणी नर्स, कुणी न्हावी. गोळ्या झाडून झाल्या की सगळे ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बटाट्याचं सॅलड खायचे.

मार्गो आणि हेझेलचं वाजलं ते चर्चच्या हॉलमध्ये, एलजीबीटी मुलांच्या आईबापांच्या बैठकीत. मार्गो शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "वर्गात बंदूकवाला शिरला तर टेबलाखाली कसं लपायचं, हे मी वर्षातून चारदा मुलांना शिकवते. आणि तुम्ही माझ्याच पोरीच्या हातात बंदूक देता?"

"तुमच्या टेबलाखाली माझी माणसं मावत नाहीत, बाई," हेझेल बसल्या जागेवरून म्हणाली. "माझ्या दारावर लाथा बसल्या तेव्हा पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर काय, सल्फ्युरिक ॲसिडचं सूत्र म्हणायचं?"

लोक हसले. मागच्या रांगेतला एक म्हातारा तेवढा हसला नाही. "बाहेरच्या माणसानं मारलेले आपले दोन मी पुरलेत," तो म्हणाला. "स्वतःच्या हातानं गेलेले पाच."

हेझेलचा आवाज खाली आला. "म्हणून तर आमच्यात चावीचा नियम आहे."

नियम असा, की ज्याच्या घरी बंदूक त्याच्या घरी कुलपाची लोखंडी पेटी. पेटीची एक चावी आपल्याकडे, दुसरी क्लबातल्या एका माणसाकडे. दिवस वाईट आले की तो माणूस येतो, "काही दिवस माझ्याकडे राहू दे" म्हणतो, आणि पेटी उघडून बंदूक घेऊन जातो. का म्हणून विचारायचं नाही, नाही म्हणायचं नाही. हेझेल प्रत्येकाला बजावायची, चावी प्रेमातल्या माणसाला देऊ नका. आणि प्रत्येक जण ती तिथंच द्यायचा. थियानंही ती आपल्या प्रेयसीला, किटला दिली होती.

मार्गोला हे सगळं माहीत होतं, तरी त्या दिवसानंतर आठ महिने ती हेझेलशी एक शब्द बोलली नव्हती.

आज रविवारी थिया जेवायला आली. कुत्रा तिच्या पायांत घोटाळत होता. तिनं त्याला हात लावला नाही. किट तीन आठवड्यांपूर्वी डेन्व्हरला निघून गेली होती, कायमची.

"पेटीची दुसरी चावी कुणाकडे आहे गं?" मार्गोनं चिकन वाढता वाढता विचारलं.

"माझ्याकडेच. किटनं पाकिटातून पाठवली. प्रामाणिक पोरगी, सोबत माझा आइस्क्रीमचा चमचाही पाठवला." थिया हसली. डोळे हसले नाहीत.

"मग दुसऱ्या कुणाला तरी दे ना."

"देईन गं. कुणाला त्रास द्यायचा? सगळ्यांना आपापलं आहे."

मार्गोनं डाव खाली ठेवला. "थिया, मरावंसं वाटतंय का तुला?"

थियानं ताटाकडे पाहिलं. घासही उचललेला नव्हता. "आई, प्लीज," ती म्हणाली. 'नाही' म्हणाली नाही. पाच मिनिटांनी तिच्या ट्रकचा आवाज कोपऱ्यावरून लांब गेला.

मार्गो दारातच उभी राहिली. पोलिसांना कळवलं तर बंदुका घेतलेली चार माणसं ट्रान्स मुलीच्या दारात उभी राहतील, आणि आत पिस्तूल आहे हे मार्गोनंच त्यांना सांगितलेलं असेल. पुढचं तिला डोळ्यांसमोर आणवेना. आपण स्वतः जाऊन पिस्तूल मागितलं, तर थियाला तो जुना वादच ऐकू येईल. ती दार लावून घेईल आणि आत एकटी राहील. नुसतं मागितल्यावर ती ज्याला देईल असं एकच माणूस होतं. त्या हेझेलला मार्गोनं भर सभेत, पोरीच्या हातात बंदूक देता, असं सुनावलं होतं.

हेझेल काय बोलेल ते बोलेल. थियाच्या घरी जाऊन आपण तिच्याजवळ बसायचं आणि हेझेलनं तिथं येऊन पिस्तूल मागून न्यायचं, हे दोन्ही एका वेळी व्हायला हवं होतं. मार्गोनं बैठकीच्या जुन्या पत्रकावरून हेझेलचा नंबर पाहिला, एकदा चुकली, पुन्हा लावला.

पलीकडे घंटी वाजायला लागली.