'मेली' आणि 'मारली'

ऐंशीच्या दशकात मूल गावातल्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. एकदा राईस मिलमधली एक मजूर बाई स्वतः रचलेलं गाणं छापायला घेऊन आली. मिलची तडकलेली भिंत कोसळून तिची लेक गेली होती. वरच्या ओळीतल्या 'गेली'शी जुळावं म्हणून मी तिच्या 'मारली'चं 'मेली' केलं आणि वाचून दाखवलं.

कोंड्यानं माखलेला तिचा हात टेबलावर आपटला.

"मेली नाई, भाऊ. मारली. भित पडन म्हून मालकाले तीनदा सांगतलं होतं."

"पण बाई, यमक..."

"यमकाले काऊन जपून राह्यले? मोडू द्या."

मी खिळे बदलेपर्यंत ती हलली नाही. यमकासाठी मी त्या मालकाला सोडून देत होतो, याचा संताप अजून जात नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती मिलसमोर थांबून तेच गाणं गायली. मालकानं आतून फाटक लावून घेतलं.