साडूपेक्षा जास्त झूम

कोहमाऱ्याला राहणाऱ्या माझ्या साडूने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि सासुरवाडीत जेवायला बसलं की तोच विषय सुरू होऊ लागला. त्यात दोन्ही कुटुंबांचं समुद्र पाहायला कोकणात जायचं ठरलं. मी तडक गोंदियाच्या बाजारात गेलो.

दुकानदार म्हणाला, "भैया, घूमने के लिए छोटा लो. हाथ हिले तो भी पिक्चर नहीं हिलना चाहिए."

मी विचारलं, "सस्ते में सबसे ज्यादा झूम किसमें है?"

साडूच्या कॅमेऱ्याला झूम कमी आहे, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. तेवढ्यासाठी विटेएवढा जड कॅमेरा आठ दिवस गळ्यात वागवला.

परत आल्यावर सौंदडला घरी टीव्हीवर लावून पाहिलं. लाटा हलत होत्या, किनाराही हलत होता. आणि दर दोन मिनिटांनी झूम होऊन पडद्यावर साडूचा हात येत होता, हातात त्याचा कॅमेरा.

बायको म्हणाली, "तुमी समुद्र पाहाले गेलते का भाऊजीचा कॅमेरा?"

मी म्हटलं, "थांब, जरा मांगं घे."

साडूच्या कॅमेऱ्यावरचा मॉडेल नंबर आता कुठं नीट वाचता येत होता.