आत्याची छत्री आणि माझे गाल

"साठ के ऊपरवालों का भी करते हैं क्या? नहीं, ऐसे ही पूछा," सिटी सेंटरमधल्या त्वचेच्या दवाखान्यात माझी आत्या काउंटरवर वाकून विचारत होती. आत्याला हळू आवाजात बोलता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी मागे मास्क लावून बसले होते आणि पेशंट मी होते, म्हणून त्या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. आत्या कुठेही काहीही विचारते. मिठाईच्या दुकानात गेली की हलवायाला त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारते. पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते. ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत असा एकही गाल नाही, ज्याच्यावर माझ्या आत्याने आपलं मत दिलेलं नाही.

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर शिकवायला नकाशे उरले नाहीत, म्हणून लोकांच्या चेहऱ्यांकडे वळली. लग्नात वधूवरांवर अक्षता पडत असतात तेव्हा ही चष्मा कपाळावर सरकवून नवरीच्या हनुवटीचा अभ्यास करत असते. माझी मुरुमं गेली आणि खड्डे मागे राहिले, तेव्हा तिने मला खिडकीपाशी उभं करून पाहणी केली. "उजवा गाल ठीक आहे, मैदानी प्रदेश. डावीकडे मात्र चंबळचं बीहड आहे बेटा, नुसत्या घळी. फक्त डाकू यायचे बाकी आहेत." हे तिने माझ्या आईसमोर, कामवाल्या बाईंसमोर आणि गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसासमोर सांगितलं. त्याने सिलिंडर खाली ठेवला आणि तोही वाकून बघू लागला. मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाही. घरात माझी ख्यातीच तशी आहे. शाळेत मी इंग्रजीत गप्प असायचे, घरी मराठीत असते.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. आत्या मला घेऊन दाल बाजारात गेली आणि मसूर डाळीचा दाणा न् दाणा उजेडात धरून बघू लागली. दुकानदाराने बराच वेळ सहन केलं आणि मग विचारलं, "बाईजी, खानी है कि लगानी है?" मग जायफळ झालं, ज्येष्ठमध झाला, मुलतानी माती झाली. लेप वाळला की तोंड उघडता येत नसे. माझ्यासारख्या मुलीला ही सोय फार आवडली, खड्ड्यांनाही आवडली असावी, कारण ते जागचे हलले नाहीत. नंतर आत्याने मोबाइलवर डॉक्टरांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि एका सकाळी जाहीर केलं, "डाळ-बिळ सब बेकार. डाळीने डोंगर झिजत नाहीत. आता सायन्स."

सायन्स म्हणजे सिटी सेंटरमधल्या डॉक्टरीणबाई. तरुण आणि शांत. त्यांनी मला विचारलं, "क्या तकलीफ़ है?" आत्या म्हणाली, "ये नहीं बोलती. मैं बताती हूँ." आणि भूगोलाच्या तासासारखं दगडमातीपासून सांगायला लागली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की खड्डे सगळे सारखे नसतात. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतात, काहींच्या कडा उभ्या असतात, काही नुसत्या लाटा. वरवरच्या डागांना कातडीचा वरचा थर सोलणारं पील, लाटांना बारीक सुयांचं यंत्र, जिथे कातडी आतून ओढली गेली आहे तिथे सुईने आतला ओढणारा धागा मोकळा करायचा, आणि शेवटी हवं असेल तर लेझर. सगळं टप्प्याटप्प्याने, मध्ये काही आठवडे सोडून. "कम होंगे, पूरे नहीं जाएँगे," असंही त्या स्वच्छ म्हणाल्या. आत्याने हे सगळं पंगतीतल्या पदार्थांच्या यादीसारखं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सब थोड़ा थोड़ा परोस दीजिए."

पील झाल्यावर उन्हात जाऊ नका, असं सांगितलेलं. नेमकी दुसऱ्याच दिवशी महाराज बाड्याच्या चौकातल्या बँकेत माझी सही हवी होती. आता, आमचे पूर्वज दख्खनेतून येऊन इथल्या दरबारात महाराजांच्या डोक्यावर छत्र धरायचे, असं आत्या सांगते. बाबांच्या मते ते मुदपाकखान्यात दुधी मोजत असत. पण आत्याचं रक्त सळसळलं. तिने घरच्या गणपतीच्या मिरवणुकीतली लाल मखमली, सोनेरी झालरीची छत्री काढली आणि भर दुपारी बाड्यावरून मला तिच्याखाली चालवत नेलं. चेहऱ्यावर पांढरं मलम, वर झालर, मागे दांडा धरून आत्या. कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी हे सगळं करून घेत होते, आणि आता ई-रिक्षा थांबून मला वाट देत होत्या. फूलवालीने हात जोडले. एका आजोबांनी विचारलं, "कौन सी माता हैं?" आत्या थांबलीसुद्धा नाही. "हटो भैया, देवी को धूप लग रही है."

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी माझे आधीचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. चंबळ राहिली होती, पण डाकू लपतील एवढी खोल नाही. मला तेवढं पुरे होतं. मास्क मी केव्हाच पर्समध्ये टाकला होता, लेझर नको होतं, आणि नको म्हणायची हिंमत नव्हती. आत्या मात्र माझा नवा फोटो हातात घेऊन बघत राहिली. फार वेळ. मग तिचा पदर आपोआप डाव्या गालावर गेला.

तो तसा कायमच जातो. आमच्या अल्बममध्ये आत्या कुठेच समोर बघत नाही. शाळेच्या ग्रुप फोटोत सगळ्या बाई कॅमेऱ्याकडे बघतात आणि ही कडेला मान वळवून, जणू लांबून बस येतेय. त्या गालावर ती पावडरचा जाड थर देते, आणि त्याखाली माझ्यासारखेच खड्डे आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जगभराच्या गालांवर बोलणाऱ्या बाईला तिच्या गालाबद्दल कोणी कधी एक शब्द विचारला नव्हता. मला काउंटरवरचा तो हळू आवाज आठवला.

"तो लेज़र करें?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. आत्याने तोंड उघडलं. "इन्हें बोलने दीजिए," त्या हसून म्हणाल्या, आणि आत्या चक्क गप्प बसली. मी डॉक्टरीणबाईंकडे न बघता आत्याकडे वळले.

"आत्या, माझं झालं. आता तू बस या खुर्चीत. छत्री मी धरते."