एवारिस्तोची घोडी आणि तिचं माहेर

आमच्याकडे पुरुष माणूस घोडीवर बसत नाही. कायदा नाही तसा, पण बसलाच तर जन्मभर ऐकून घेतो. एवारिस्तो सोसा बसला, आणि सगळ्यात जास्त त्याला मीच ऐकवलं. त्याच्या खोलीचं दार आणि माझं कोंबड्यांचं खुराडं यांच्यामध्ये फक्त एक तारेचं कुंपण, तेव्हा हक्कच होता माझा.

मिसरूड फुटल्यापासून हा माणूस या रँचवर गुरांमागे घोडा पळवतोय. बायको केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिला बसवू कुठं? खोगीर एकाचंच असतं." एकदा बैलाने पाडलं तेव्हापासून पाय ओढत चालतो, पण घोड्यावर चढला की पाय कुणाला दिसतो? तिथे तो जवान. त्याचा म्हातारा घोडा हिवाळ्यात मेला, आणि मुकादम बासिलिओने सांगून टाकलं, "काका, घोडे सगळे पोरांना वाटून झाले. वासरांना मालकीच्या खुणेचे डाग दिले की तुम्ही स्वयंपाकघरात. बटाटे सोला, चूल सांभाळा."

त्या दिवशी एवारिस्तो माझ्याकडे येर्बाच्या पानांचा कडू काढा प्यायला बसला आणि काढ्याची भोपळ्याची वाटी हातात धरूनच राहिला. नळीला तोंड लावेना. मी म्हटलं, "प्या की, बटाट्याचा नाहीये."

हसला नाही. मग मलाच कसंतरी झालं.

उरली होती एक चिस्पा. तरणी घोडी, पाठीला खोगीर नुकतंच लागलेलं. आई बाळंतपणात गेली म्हणून तिला पोरक्या वासरांच्या कोंडवाड्यात वाढवलं होतं. त्यांच्याच बादलीतलं दूध प्यायली, त्यांच्याच अंगाला टेकून झोपली. एवारिस्तोने बासिलिओला सांगितलं, "हिला गुरांच्या कामाला लावतो. जमलं तर मी खोगिरावर राहणार. नाही जमलं तर आण तुझे बटाटे."

नवा घोडा पहिल्यांदा कळपाजवळ नेला की बुजतो, म्हणून शेजारी एक जाणता घोडा चालवायचा, ही रीत. एवारिस्तोने वाल्तेरला विचारलं. वाल्तेर म्हणजे आमच्यातला सगळ्यात नटवा स्वार.

"घोडीच्या शेजारी? नको काका, माझा घोडा अजून लग्नाचा आहे. नाव खराब होईल त्याचं!"

मग एकटाच गेला. मी कुंपणाला टेकून बघत होते. हा आपला तिची मान थोपटतोय, "भिऊ नको पोरी, काही करत नाहीत, मी आहे ना." आणि पोरगी? ती सरळ कळपात शिरली, एका गाईच्या पाठीवर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. हा टाच मारतोय, ती शेपटी हलवतेय.

मी ओरडले, "अहो, तिला धीर कसला देताय? माहेरी आलीय ती!"

"शेजारीणबाई, तुमची अंडी करपतायत!"

"अंडी कोंबडीखाली आहेत!"

पण माझं बोलणं त्याला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी थोपटणं बंद. भीती घालवायची सगळी विद्या त्याने गुंडाळून ठेवली, कारण भीती नव्हतीच. शिकवायचं होतं ते उलटंच. ज्यांच्यात वाढलीस, त्यांना आता वळण लाव. छोट्या कोंडवाड्यात एकच वासरू सोडायचा आणि चिस्पाला त्याच्या खांद्याशी नुसती चालवायचा. वासरू वळलं की तिने वळायचं. तिला तो खेळ वाटला. वासराची वाट अडवून उभी राहायची आणि कान पुढे करून बघायची, जशी काही लपाछपी चाललीय.

डाग देण्याच्या दिवशी मी तळणाच्या कढईपाशी होते. बासिलिओने बोट दाखवलं, "ती कपाळावर पांढरं असलेली लाल कालवड. बाहेर काढा."

कुंपणावर बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. "काका, बाईसाहेबांना छत्री देऊ का?"

चिस्पा चालत आत गेली. दुसरा घोडा शिरला की कळप फुटतो, धूळ उडते. इथे गाईंनी मानसुद्धा वर केली नाही. घरचंच कुणी आलंय! लाल कालवड कडेला आली, चुकवून मागे पळू लागली, आणि चिस्पा आडवी. डावीकडे, आडवी. उजवीकडे, आडवी. शेवटी कालवड कंटाळून फाटकातून बाहेर गेली.

पुढचं मात्र एवारिस्तोने शिकवायचं राहून गेलं होतं. कालवड बाहेर गेली, चिस्पाने मोठ्याने हाक मारली आणि स्वाराला न विचारता धावत कळपात परत. एवारिस्तो तिच्या मानेला मिठी मारून, टोपी गाईंच्या पायाखाली.

पोरं हसून कुंपणावरून पडायची बाकी होती. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण एक डोळा बासिलिओवर होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

"तो काळा गोऱ्हा," तो म्हणाला. "आणि लगाम धरा या वेळी."

सकाळ अशीच गेली. परत पळायची खोड दुपारपर्यंत निम्मी झाली, पूर्ण गेली नाही. शिट्ट्या आपोआप थांबल्या, कारण एकही वासरू घाबरून आईपासून भरकटलं नव्हतं.

बासिलिओ जवळ आला. "काका, पळापळीचं काम पोरं करतील. गाई-वासरं तुमच्याकडे. सोमवारी नदीपलीकडच्या कुरणात."

"येतो," एवारिस्तो म्हणाला.

सगळे जेवायला उतरले. हा वरच. मी भाजलेल्या मांसाचा तुकडा पावावर ठेवून घेऊन गेले. "उतरा आता. राज्याभिषेक झाला."

"द्या इथंच," तो म्हणाला. "अजून जरा बसतो."


मी हात उंच करून दिला. तो वरच खात बसला, आणि चिस्पा खाली उभी राहून डुलक्या घेत होती.