चारला जाग येणारी माणसे

स्वारगेटहून बारामतीची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या मांडीवर माझ्या बायकोची, नलिनीची पिशवी होती. पिशवीत तिने तयार केलेली, माणसाची उदासी मोजणारी प्रश्नावली. पुण्यातल्या लोकांवर ती तपासून झाली होती. गावाकडे तपासण्याआधीच नलिनी गेली. तिचे मार्गदर्शक म्हणाले, खेड्यातही खरी उतरली तरच छापता येईल. मी ग्रंथपाल. अनोळखी माणसांना प्रश्न विचारण्याची सवय नाही. तरी निघालो.

उसाचा हंगाम होता. माळेगावजवळ आमची गाडी बराच वेळ बैलगाड्यांच्या मागे त्यांच्याच चालीने चालली.

पिंपळीत सदाआबांच्या ओट्यावर बसलो. प्रत्येकाला एकटे गाठून विचारायचे, हा नलिनीचा नियम. पण ओट्यावरून कोणी हलेना. प्रश्न आबांना विचारला की उत्तर शेजारच्या हौसाबाई देत. झोप लागते का, तर आबांचे घोरणे त्यांच्या घरापर्यंत ऐकू येते म्हणे. पहाटे फार लवकर जाग येते का, असे विचारले.

"हितं समदीच चारला उठत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "धारा कोण काढंल, तुमी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या, आबांनीही. नलिनीच्या हिशेबात लवकर जाग येणे हे उदासीचे मोठे लक्षण. संध्याकाळपर्यंत सबंध पिंपळी गंभीर आजारी ठरली, आणि ते आजारी गाव हसतहसत मला तिसरी भाकरी वाढत होते, वर कोरड्यास (पातळ कालवण).

दुसऱ्या दिवशी इंदापूर. स्टँडजवळच्या वाणीबुवांना विचारले, लोक आपल्यामागे बोलतात असे वाटते का?

"वाटतं कशाला, बोलत्यातच," ते म्हणाले. "आमी बी बोलतो."

लॉजवर पेन्सिल घेऊन बसलो. जाग येण्याचा प्रश्न काढून टाकावा असे वाटले. पण त्याच प्रश्नासाठी नलिनी मार्गदर्शकांशी भांडली होती. पेन्सिल ठेवून दिली.

पंधरवड्याने पुन्हा पिंपळीला गेलो. चांगली प्रश्नावली दोन्ही वेळा सारखीच उत्तरे देते, म्हणून. या खेपेला सगळीच उत्तरे उलटी आली. ज्यांना भूक होती त्यांची मेली, घोरणाऱ्यांची झोप उडाली.

हौसाबाईंनी खुलासा केला, "तुमी परत आला, म्हंजी आमचं चुकलं आसंल. आता सुधारून दिलंय."

मी सांगितले, यात चूक-बरोबर काही नाही. हे माझ्या बायकोचे काम. ती आता नाही. ते टिकते का, एवढेच मला पाहायचे आहे.

मग आबांनी विचारले, "म्हंजी खरं सांगायचं व्हय?"

हौसाबाई उठल्या, आणि सगळ्यांना पुढे घालून घेऊन गेल्या. ओट्यावर आम्ही दोघेच उरलो. मी पुन्हा तो प्रश्न विचारला.

"चारलाच उठतो," आबा म्हणाले.

"धारा काढायला?"

"गाई कवाच इकल्या. कारभारीण गेल्यापास्नं चारच्या म्होरं डोळा लागत न्हाय. रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतो. सुनंला वाटतं, जुनी सवय हाय." मग त्यांनी विचारले, "तुमी कितीला उठता, सर?"

"चारला."

"मग दोगांचं बी लिवा."

परतताना एस.टी.तच तो प्रश्न नव्याने लिहिला: 'काही काम नसताना पहाटे जाग येते.' शब्दांवरून नलिनी माझ्याशी तासभर तरी वाद घालती. पण प्रश्न तिचा होता आणि तो खरा होता. एवढे कळायला मला पिंपळीला दोनदा जावे लागले.

मार्गदर्शक म्हणाले, हे सगळे पहिल्यापासून करावे लागेल, एकेकाला वेगळे बसवून. मी बरे म्हणालो आणि वेळापत्रक पाहिले. बारामतीची पहिली गाडी पहाटे साडेपाचला आहे. मला ती सहज मिळते.